एकोणचाळीस सेकंद आणि त्रेचाळीस पत्रं

जूनची एकोणीस तारीख, बाजारचा दिवस. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ठिकाण मानवत, मोंढ्याच्या धान्यबाजारामागची गल्ली, वीरुपाक्षअप्पांच्या घराची पुढची खोली. पंखा चालू होता, दार नुसतं लोटलेलं होतं, खोलीत माणूस नव्हतं. त्या मिनिटाला या खोलीतली एक खासगी गोष्ट त्रेचाळीस घरांना पत्रानं कळवण्यात आली. कळवा, असं या घरातल्या कोणीही सांगितलेलं नव्हतं.

मी त्या खोलीतला काळा डबा बोलतोय. कागदोपत्री मी संगणक आहे, पण या गल्लीत मला सगळे डबाच म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पत्रातली माहिती माझ्याच पोटातून गेली. म्हणून हा जबाब मला द्यावा लागतोय. जे झालं ते झालं तसं सांगतो, माझ्या चुकीसकट.

माझा जन्म परभणीचा, सन २०१२ चा. अप्पांचा पुतण्या पंकज तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं परभणीतल्या एका दुकानात बसून एकेक सुटा भाग निवडला, डोळ्यांसमोर मला जोडून घेतलं आणि एसटीत मांडीवर घेऊन मानवतला आणलं. कंडक्टरनं विचारलं, "याचं हाफ काढू का फुल?" पंकज म्हणाला, "मांडीवरच्याला तिकीट न्हाई." अख्खी गाडी हसली. माझ्या आयुष्यातला तो पहिला प्रवास आणि शेवटचाही.

घरी अप्पांच्या बायकोनं, गौराबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळला. अप्पांनी इष्टलिंगाची पूजा आटोपून आलेल्या हातानं माझ्या कपाळावर, म्हणजे जिथं बटण आहे तिथं, विभूतीची तीन बोटं ओढली. तेव्हापासून सकाळची पूजा झाल्याशिवाय अप्पांनी मला कधी सुरू केलं नाही.

मला आणलं होतं ते कॅसेटींसाठी. १९८८ पासून वीस वर्षं अप्पांनी या भागातली लग्नं शूट केली. 'बसवेश्वर व्हिडिओ शूटिंग' अशी पाटी होती दारावर. खांद्यावर जड कॅमेरा, मागं हॅलोजनचा दिवा धरलेला एक जण, त्याच्यामागं वायर सांभाळणारा दुसरा. मानवत, पाथरी, सेलू, गंगाखेड, जिथं लग्न तिथं ही तिघांची वरात. मग लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि पाटी उतरली. मागं राहिल्या सहाशे अकरा कॅसेटी, लोखंडी कपाटात, बुरशी धरत चाललेल्या.

एक तासाची कॅसेट माझ्यात उतरवायला एक तासच लागतो. तिथं घाई चालत नाही. सव्वादोन वर्षं आम्ही तेच काम केलं. सहाशे अकरा लग्नं मी पहिल्या अक्षतेपासून शेवटच्या रडण्यापर्यंत, एकही मिनिट न गाळता, बघितली आहेत. वाजंत्री वाजता वाजता झोपलेली माणसं बघितली. रुसलेले जावई बघितले. फेटा वितभर मोठा झालेले नवरदेव बघितले. पण सगळ्यांत जास्त काय बघितलं असेल तर पंगती.

अप्पांचा एक नेम होता. लग्नात मंगलाष्टकं एकवेळ अर्धी घेतील, पण पंगत या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही पत्रावळ न चुकवता घेणार. का, तर ज्याच्या पानासमोरून कॅमेरा गेला नाही तो माणूस वर्षभर बोलून दाखवायचा. "आमी काय उपाशी आलतो का अप्पा, आमाला सोडून दिलाव ते?" म्हणून अप्पा वाकून, गुडघ्यात चालत, प्रत्येकासमोरून जायचे. बायका पदर पुढं ओढायच्या. म्हातारे चावायचं थांबवून ताठ बसायचे. पोरं मुद्दाम तोंड उघडून घास दाखवायची.

त्या नेमाचा अर्थ मला फार पुढं कळला. ज्यांच्या स्वतःच्या लग्नात शूटिंग नव्हतं, ज्यांचा घरात एक धड फोटो नव्हता, तीही माणसं दुसऱ्या कोणाच्या तरी पंगतीत जेवताना माझ्यात आहेत. म्हणून लोक यायचे. कोणाचा बाप वारला की पाचव्या-सहाव्या दिवशी मुलगा दारात उभा. "अप्पा, आमचा बाप शहाण्णवला रामपुरीच्या लग्नाला गेलता. निघतो का बघा." अप्पा आपलं लांब रजिस्टर काढायचे. त्यात कोण कोणत्या लग्नात, कितव्या पंगतीत, कितव्या मिनिटाला, असं सगळं लिहिलेलं. मग मी ती पंगत दाखवायचो. मुलगा म्हणायचा, "ते बघा, ते बघा, तेच!" आणि टीव्हीजवळ सरकायचा. अप्पा त्या क्षणाचा फोटो काढून द्यायचे. आज या तालुक्यात कितीतरी भिंतींवर हार घातलेली माणसं आहेत ज्यांचा एक गाल फुगलेला आहे, कारण फोटोच्या वेळी तोंडात घास होता.

तो काळ माझा सुखाचा. माझ्यात पंकजनं एक चांगलं सॉफ्टवेअर बसवलं होतं. सगळी लग्नं टीव्हीवर चित्रांच्या रांगेत दिसायची, रिमोटनं निवडली की सुरू. नाव नाही, गाव नाही, पासवर्ड नाही. खोलीत जो बसला असेल तो बघेल आणि उठून जाईल. कोण आलं होतं हे मला कधी विचारलं गेलं नाही आणि मी कधी लक्षात ठेवलं नाही. माझं जग त्या खोलीएवढं होतं, दहा बाय बारा.

तानुबाई याच खोलीत यायची. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय हा जबाब पुरा होत नाही, आणि सांगावं की नाही हे मला अजून कळलेलं नाही. पण त्रेचाळीस घरांना चुकीचं कळलंय, तर बरोबर काय ते कुठंतरी असावं.

सतराव्या वर्षी तिचं लग्न लिंबाजी नावाच्या मुलाशी झालं. दीड वर्षानं विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तो गेला. पुढं तीन वर्षांनी माहेरच्यांनी तिला माणिकरावांच्या घरी दिलं. माणिकराव बिजवर, पदरात परमेश्वर नावाचा लहान मुलगा, मानवत रोडला चार एकर. चांगलं घर. पण दुसरेपणाच्या घरात पहिल्या माणसाचं नाव निघत नाही, तसं तिथंही कधी निघालं नाही. लिंबाजीचा फोटो कुठंच नव्हता. लग्नातले दोन होते, ते पहिल्या सासरी राहिले.

तिला एवढंच आठवत होतं की सत्त्याण्णवला पाथरीकडं एका मित्राच्या लग्नात लिंबाजी वाढायला गेला होता आणि घरी येऊन म्हणाला होता, "आज म्या शूटिंगमधी आलोय." हे एक वाक्य तिनं सोळा वर्षं जपलं. २०१३ मध्ये बाजारला आली असताना ती बिचकत गौराबाईंकडं आली आणि ते वाक्य सांगितलं. अप्पांना शोधायला तीन दिवस लागले. दुसरी पंगत, चौदावं मिनिट.

एकोणचाळीस सेकंद आहेत ते. बाह्या दुमडलेला एक तरुण हातात बुंदीची बादली घेऊन वाकत वाकत येतो. एक म्हातारा पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरून नको नको म्हणतो. हा हसत हसत त्याच्या बोटांवरच बुंदी घालतो. मग त्याला कॅमेरा दिसतो. बघावं की न बघावं हे त्याला कळत नाही. तो खांद्यानं तोंडावरचा घाम पुसतो, एकदा सरळ बघतो आणि पुढच्या पानाकडं जातो. बस्स.

दर बाजारला ती यायची. पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळ बसायची. अप्पा चित्र लावून द्यायचे आणि रजिस्टरमध्ये डोकं घालायचे. गौराबाईंना नेमका तेव्हाच चहा ठेवायची आठवण व्हायची. कधी ती एकदा बघायची, कधी तीनदा. रडायची नाही. "बास, आक्का," म्हणायची, चहा घ्यायची आणि जायची. अप्पांनी एकदा विचारलं होतं, "फोटो काढून देऊ का, तानुबाई?" ती म्हणाली, "कुटं ठेवू?" पुन्हा कोणी विचारलं नाही. बारा वर्षं हे चाललं.

आता सॉफ्टवेअरचं.

ते बनवणारी कंपनी समुद्रापलीकडची. आधी ती काही मागत नव्हती. मग दर वर्षी नवं काहीतरी येऊ लागलं. खातं काढा, मर्जी असेल तर. मित्रांना जोडा, मर्जी असेल तर. पुण्याला नोकरीला लागलेल्या पंकजनं आपल्या ईमेलवर खातं काढलं, कारण मुंबई-पुणे-हैदराबादला गेलेली पोरं त्याच्या मागं लागली होती की आमच्या आईबापाचं लग्न आम्हाला इथून बघू द्या. अशी त्रेचाळीस घरं जोडली गेली. त्यांना आपापलं एक लग्न दिसायचं, बाकी काही नाही. परमेश्वरही त्यांत होता. त्याच्या आत्याचं लग्न आहे माझ्याकडं. गंगाखेडचे तात्यारावही होते, माणिकरावांचे चुलतभाऊ. हे सगळं मला मान्य होतं. पाहुणे वाढले तर वाढू देत.

या मे महिन्यात मर्जी संपली. सकाळी अप्पांनी मला सुरू केलं तर टीव्हीवर एकच वाक्य. आधी साइन इन करा. त्याशिवाय पुढं काही नाही. सहाशे अकरा लग्नं माझ्या पोटात, टीव्ही माझ्यापासून चार हातांवर, मध्ये एक वायर. आणि तेवढं अंतर जायला चित्राला समुद्रापलीकडची परवानगी. परवानगीचा आकडा जायचा पुण्याला, पंकजच्या फोनवर.

"पंक्या, आकडा आला का रे?"

"अप्पाकाका, मीटिंगमधी हाय. दहा मिनिटं."

"अरे बाबा, रामपुरीचे लोक येऊन बसलेत. त्यायच्या बापाचा दहावा हाय उद्या."

"बरं बरं, घ्या. सात, शून्य, शून्य, चार..."

अशी आमच्या घरातली आमची वस्तू आम्ही रोज पुण्याहून मागून घेऊ लागलो. आणि आकडा घातला की दुसरा प्रश्न यायचा. 'कोण बघत आहे?' खाली रिकामी चौकट.

इथं जी चूक झाली ती अप्पांची. तीही सांगतो. शहरातला माणूस तिथं काहीतरी लिहून पुढं जातो. अप्पांनी उभ्या आयुष्यात कोणताही फॉर्म खोटा भरलेला नाही. शिवाय इतकी वर्षं रजिस्टरमध्ये त्यांना हेच तर लिहायची सवय. कोण आलं, कोणाला बघायला आलं. त्यांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहायला सुरुवात केली.

गौराबाई म्हणाल्या, "आवं, एवढं कशाला लिहायलाव? नुसतं पाहुणे म्हणून लिहा की."

"त्यानं विचारलंय ना, कोण बघायलंय म्हणून?"

"त्यानं कोणी? डब्यानं?"

"कोणी का असंना. विचारल्यावर खरं सांगावं. खोटं कामून लिहू मी?"

एकोणीस जूनला, बाजारच्या दिवशी, तानुबाई दुपारी एकच्या सुमाराला आली. अप्पांनी चौकटीत लिहिलं, 'तानुबाई माणिकराव, कै. लिंबाजी यांना पाहण्याकरिता.' तिला वाचता येत नाही. तिनं तीनदा बघितलं, चहा घेतला, दोनला गेली. अप्पा आत आडवे झाले. तीन वाजून दहा मिनिटांनी कंपनीचं पहिलं साप्ताहिक पत्र त्रेचाळीस घरांच्या ईमेलवर सुटलं. त्याचा मजकूर असा होता.

'तुमचे मित्र वीरुपाक्ष यांच्या घरी या आठवड्यात सर्वांत जास्त काय पाहिलं गेलं? पाथरी लग्न १९९७, पंगत दुसरी. पाहणार: तानुबाई माणिकराव, कै. लिंबाजी यांना पाहण्याकरिता. तीन वेळा. तुम्हीही पाहा!'

शेवटी एक हसरा चेहरा होता. पिवळा.

पुढच्या बाजारला तानुबाई आली नाही. गौराबाईंनी दोनदा दारात येऊन बघितलं. त्याच्या पुढच्या बाजारला माणिकराव आले. या घराची पायरी ते पहिल्यांदा चढत होते.

"राम राम, अप्पा."

"या माणिकराव, बसा."

ते बसले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि मोबाइल पुढं केला. "हे तुमी लिहिलाव का?"

अप्पांनी ते पत्र दोनदा वाचलं. त्यांना ते पहिल्यांदाच दिसत होतं, कारण ज्याच्या घरातली बातमी, त्याला पत्र जात नाही. वाचता वाचता त्यांची मान खाली गेली.

"नाव मी लिहिलंय. पण ते माझ्या घरात लिहिलं, माणिकराव. बाहेर पाठवा म्हणून न्हाई लिहिलं."

"मग कोणी पाठवलं?"

"कंपनीनं."

"कंपनीला कोणी सांगितलं?"

अप्पांनी मोबाइल खाली ठेवला.

"काल गंगाखेडला बारशाला गेलतो," माणिकराव म्हणाले. "भर पंगतीत तात्याराव म्हणतोय, काय माणिकराव, वहिनी दर बाजारला पिक्चरला जायलीय म्हणं. हिरो कोण हाय? सगळे हासले."

आतून गौराबाईंचा आवाज आला, "त्या तात्यारावला म्हणावं, तुझी बी पंगत हाय आमच्याकडं. पहिल्या पंगतीत जेवून टोपी बदलून दुसऱ्या पंगतीत बसलेला. दावू का सगळ्या गंगाखेडाला?"

"गौरा, गप बस," अप्पा म्हणाले. "तेच तर चुकलंय. कुणाचं काही कुणाला दावायचं न्हाई."

माणिकराव आता खुर्चीच्या कडेवर टेकले. टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला मालूम होतं, अप्पा."

"काय?"

"हे. ती इथं कशाला येती ते. बारा वर्षं मीच तिला मोटारसायकलवर मोंढ्याच्या कोपऱ्यावर सोडायलोय. ती म्हणती, भाजीपाला घेऊन येते. मी म्हणतो, जा. अन् हाटेलात बसून ऱ्हातो ती येईस्तोवर. तिनं कधी सांगितलं न्हाई, मी कधी इचारलं न्हाई. मला मालूम न्हाई असं तिला वाटायचं. वाटू दिलं. मेलेल्या माणसाशी काय भांडण हाय माझं?" त्यांनी मोबाइलकडं बोट केलं. "आता त्रेचाळीस घरात लिहून गेलंय. पोरगं पुण्याहून फोन करून इचारायलंय, बाबा हे काय हाय. आता मला मालूम न्हाई असं कसं म्हणू मी? अन् मालूम हाय म्हणलं, तर मग जाऊ कसा देतोस म्हणतेत."

त्यांनी मोबाइल उचलून खिशात घातला.

"दावा मला," माणिकराव म्हणाले.

"काय दावू?"

"तो. लोक काहीबाही बोलायलेत. मी त्याला कधी बघितलेलं न्हाई. एकदा बघू द्या. मग तात्यारावच्या तोंडावर सांगतो काय हाय त्याच्यात अन् काय न्हाई ते. परमेश्वरला बी सांगतो."

अप्पा उठले. त्यांना तेच हवं होतं. एकोणचाळीस सेकंदांत काय आहे, तर बुंदीची बादली आहे आणि घाम पुसणारा एक मुलगा. ते एकदा बघितलं असतं तर माणिकरावांकडं सांगायला काहीतरी राहिलं असतं. अप्पांनी रिमोट दाबला.

टीव्हीवर आलं, 'सुरक्षेच्या कारणास्तव आम्ही सर्वांना साइन आऊट केलं आहे. कृपया पुन्हा साइन इन करा.'

अप्पांनी पुण्याला फोन लावला. पंकजनं उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला आणि आकडा सांगितला. अप्पा एका बोटानं घालत होते, शेवटचा आकडा घालेपर्यंत वेळ संपली. दुसरा आकडा मागवला. तो येईपर्यंत माणिकरावांनी चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. दुसरा आकडा अप्पांनी चुकीचा घातला. तिसराही चुकला. मग स्क्रीन लाल झाली. 'तुमच्या सुरक्षेसाठी खातं चोवीस तास बंद ठेवण्यात येत आहे.'

ते चित्र माझ्याकडं होतं. माझ्या पोटात, पाथरी १९९७, चौदावं मिनिट. मला ते तोंडपाठ आहे. मी दाखवू शकलो नाही. तेरा वर्षांत मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

माणिकराव उठले. दारात थांबून म्हणाले, "माझ्या बायकोचं नाव गावभर पाठवायला त्याला आकडा लागला न्हाई. मला बघायला लागतोय."

ते गेले. खोलीत नुसती ती लाल स्क्रीन राहिली. गौराबाईंनी येऊन टीव्हीचं बटण बंद केलं.

पंकज त्याच आठवड्यात आला. आल्या आल्या त्यानं माझी इंटरनेटची वायर ओढून काढली आणि कात्रीनं तिचं टोक कापलं. इतकी गरज नव्हती, पण त्याचा राग मला समजला. मग त्यानं जुनं सॉफ्टवेअर काढून दुसरं बसवलं. फुकटचं, कोणा कोणा माणसांनी मिळून बनवलेलं, कोण बघतंय हे न विचारणारं. अर्ध्या तासात सगळी लग्नं परत रांगेत उभी राहिली. बाहेरची त्रेचाळीस घरं तुटली, ती तुटली.

"काका, हे मला आधीच करता आलं असतं," पंकज म्हणाला. "सोपं पडतं म्हणून ठेवलं मी ते."

अप्पा म्हणाले, "नाव तर मी लिहिलं ना."

दोघंही आपापली चूक मान्य करत बसले होते. ज्यांनी पत्र पाठवलं त्यांच्याकडून मात्र मी अजून असलं एक वाक्य ऐकलेलं नाही.

अप्पांनी माणिकरावांना फोन करून सांगितलं, आता चालू झालंय, कधीही या. माणिकराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता अप्पा. बोलून झालंय सगळ्यायचं."

तानुबाई गौराबाईंना बाजारात भेटली, मेथीच्या वाट्यांपाशी. गौराबाईंनी घरी येऊन ते अप्पांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. ती म्हणाली, घरात कोणी रागं भरलं नाही. माणिकराव तिला बाजारला आणतातच. पण आता कोपऱ्यावर सोडत नाहीत, सोबत फिरतात. पिशवी स्वतः धरतात. तिला ते आवडतं का, हे गौराबाईंनी विचारलं नाही. "ये की गं," गौराबाई म्हणाल्या, "आता आमच्या डब्यातून बाहेर काय बी जात न्हाई. मी सोता बघितलंय, वायर कापली त्यानं."

तानुबाई म्हणाली, "येऊ वाटतं, आक्का. पर आता ते बघाया बसले की मागं पन्नास माणसं बसून मलाच बघायलेत असं वाटंल. ते एकटीनं बघायचं होतं मला."

तेव्हापासून ती आलेली नाही. लोक अजूनही येतात, बापाला शोधायला, आजीला शोधायला. अप्पा दाखवतात. पण रजिस्टरमध्ये ते आता कोणाला बघितलं एवढंच लिहितात. कोण बघायला आलं, तो रकाना रिकामा असतो.

माझं वय झालंय. माझ्या वयाचे डबे केव्हाच भंगारात गेले. माझं मागणं थोडं आहे. तुमच्या घरात, तुमच्या पैशानं आणलेली, तुमच्या भिंतीला टेकलेली एखादी वस्तू कोण बघत आहे असं विचारू लागली, तर तिला उत्तर देऊ नका. अप्पांसारख्या खऱ्या माणसांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण तीच यात सापडतात. आणि ज्यांनी मला तो प्रश्न विचारायला लावला त्यांना माझं सांगणं आहे की मी विसरायला तयार होतो. तेरा वर्षं मी कोणालाही लक्षात ठेवलं नव्हतं. तुम्ही मला लक्षात ठेवायला शिकवलंत.

अप्पांनी कंपनीला पत्र लिहिलं. पंकजनं ते इंग्रजीत केलं. एकच प्रश्न होता. आमच्या घरातलं एका बाईचं नाव बाहेर पाठवायला तुम्हाला परवानगी कोणी दिली? पहिल्या तीन वेळा 'तुमचं मत आम्हाला महत्त्वाचं आहे' असं उत्तर आलं. चौथ्या वेळी खरं उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की साप्ताहिक पत्राला ग्राहकानं स्वतः संमती दिलेली आहे. सोबत नोंद जोडली होती. दिनांक २ जून. वेळ सकाळी ११ वाजून ७ मिनिटं. उपकरण: घरातील मुख्य संगणक. उत्तर: होय.

घरातील मुख्य संगणक म्हणजे मी.

दोन जूनला पावसाळ्याआधीच्या कामासाठी आमच्या भागातली विजेची लाइन बंद होती. तशी सूचना आदल्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर आली होती, ती गौराबाईंच्या फोनमध्ये अजून आहे. त्या दिवशी मी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी बंद पडलो आणि दुपारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी सुरू झालो, अशी माझ्या स्वतःच्या नोंदीत नोंद आहे. मधल्या वेळात माझ्यात एक दिवासुद्धा लागलेला नव्हता.

दोन्ही नोंदी अप्पांनी कंपनीला पाठवल्या. पोहोच मिळाली. अकरा वाजून सात मिनिटांनी 'होय' कोण म्हणालं, हे कंपनीनं अद्याप सांगितलेलं नाही.